आईने अंगावर चढविलेला सूट



रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात थोडा वेळ थांबले की हल्ली एक विषय हमखास कानी पडतो. कुणाचा मुलगा कॅनडात शिकायला गेला आहे, कुणाची मुलगी आयर्लंडमध्ये, कुणाचा नातू जर्मनीत. फी किती, खोलीचे भाडे किती, थंडी किती, हे सारे बोलून झाले की आई जरा बाजूला येते आणि आवाज खाली करून म्हणते, "तो मिस्साला जात नाही, असं वाटतंय. विचारलं की 'हो, गेलो होतो' म्हणतो. पण आवाजावरून कळतं हो आम्हाला."

अशा वेळी आपण काय सांगतो? "रोझरी सोडू नका, देव सांभाळून घेईल." हे उत्तर खोटे नाही, पण ते पुरे नाही. कारण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बसलेला आहे. आईला दुखवू नये म्हणून तो खोटे बोलायला शिकला आहे. त्याच्या मनात काय चालले आहे, हे त्याला कुणी विचारलेले नाही आणि विचारले तर काय सांगावे, हे त्यालाही ठाऊक नाही. आजचा पाठ त्या आईसाठी आहे आणि त्या मुलासाठीही. त्यासाठी आम्ही एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेत आहोत. तो आपल्यासारखाच आशिया खंडातला, कॅथोलिक, लहान समाजातला. शिकायला दूर देशी गेला आणि तेथे त्याची स्वतःच्या श्रद्धेशी झुंज सुरू झाली. ती झुंज त्याने आयुष्यभर लपविली नाही. त्याचे नाव शूसाकू एन्दो.

बाप्तिस्मा घेतलेला मुलगा

एन्दो जपानी लेखक. जन्म २७ मार्च १९२३, टोकियो येथे. वडिलांच्या नोकरीमुळे त्याचे बालपण मांचुरियातील दालिआन शहरात गेले. आई व्हायोलिन वाजवीत असे. हिवाळ्याच्या दिवसांत ती तासन्‌तास एकच सूर घोटीत बसे आणि तिच्या बोटांच्या टोकांतून रक्त येई, ही आठवण एन्दोने पुढे लिहून ठेवली आहे. आईवडिलांचा संसार मोडला. १९३३ साली आई दोन्ही मुलांना घेऊन जपानमध्ये परतली आणि कोबे येथे आपल्या बहिणीकडे राहू लागली. बहीण कॅथोलिक होती. एकाकी पडलेल्या त्या स्त्रीला चर्चमध्ये आधार मिळाला. तिने बाप्तिस्मा घेतला आणि मुलांनाही दिला. शूसाकू तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. त्याचे बाप्तिस्म्याचे नाव पौल.

त्या दिवसाविषयी त्याने प्रामाणिकपणे सांगितले आहे. धर्मगुरूंनी विचारले, "तुझी देवावर श्रद्धा आहे का?" बाकीची मुले "आहे" म्हणाली, म्हणून हाही "आहे" म्हणाला. त्या शब्दाचे वजन त्याला तेव्हा कळले नव्हते.

आपल्यापैकी किती जणांना तरी हे आपलेच वाटेल! आपल्याला तर तान्हेपणीच स्नानसंस्कार मिळाला. आपल्या वतीने गॉडफादर-गॉडमदरने उत्तरे दिली. प्रथम कम्युनियन, दृढीकरण, सारे ओळीने झाले. सगळे "आहे" म्हणाले, आपणही म्हणालो. यात वाईट काही नाही. आईच्या मांडीवर भाषा शिकावी, तशी श्रद्धाही शिकावी लागते. पण कधीतरी ते "आहे" स्वतःच्या तोंडाने म्हणण्याची वेळ येते, आणि पुष्कळदा ती घरापासून दूर असताना येते.

ल्यों शहरात

एन्दोने केईओ विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला. १९४७ साली, विद्यार्थी असतानाच त्याने एक निबंध लिहिला. एक देव मानणाऱ्यांचे जग आणि अनेक देवदेवता मानणाऱ्या जपानचे जग यांत केवढे अंतर आहे, हा त्याचा विषय होता. म्हणजे प्रश्न त्याने परदेशात उचलला नाही; जाताना तो बरोबर घेऊनच गेला होता.

जून १९५० मध्ये तो फ्रान्सला निघाला. युद्धानंतर फ्रान्समध्ये शिकायला गेलेल्या पहिल्या काही जपानी विद्यार्थ्यांपैकी तो एक. जपान तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. प्रवास जहाजाने, सर्वांत स्वस्त वर्गातून. जहाजावर त्याला एक कॅथोलिक तरुण भेटला. त्याचे नाव योजी इनोउए. तो फ्रान्समध्ये कार्मेलाइट मठात दाखल होण्यासाठी निघाला होता. तळाशी असलेल्या त्या कोंदट जागेत दोघांची मैत्री झाली ती कायमची. इनोउए पुढे जपानला परतून धर्मगुरू झाले. जपानी माणसाला आपला वाटेल असा ख्रिस्त कसा सांगावा, हा दोघांचा जन्मभराचा ध्यास होता.

फ्रान्समध्ये एन्दो आधी रूआँ शहरात एका कॅथोलिक कुटुंबात राहिला आणि मग ल्यों येथे विद्यापीठात गेला. फ्रान्स्वा मोरियाक, जॉर्ज बेर्नानोस या कॅथोलिक लेखकांचा अभ्यास त्याला करायचा होता. ल्यों हे फार जुने ख्रिस्ती शहर. इसवी सन १७७ मध्ये तेथे ख्रिस्ती लोकांनी रक्तसाक्ष दिली. टेकडीवर फूर्व्हिएरची बॅसिलिका, गल्लोगल्ली चर्च, ठरल्या वेळी घंटा. ज्याच्या देशात सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून लोकसंख्येच्या एक टक्का भरतात, त्या तरुणाला आता घरी आल्यासारखे वाटायला हवे होते.

झाले उलटेच. तो जितके वाचू लागला, तितके त्याला परके वाटू लागले. पाप, कृपा, देवाशी भांडण, देवाकडे परतणे हे त्या लेखकांच्या रक्तात होते. त्याच्या मते ते त्याच्या रक्तात नव्हते. गोऱ्या माणसांच्या देशात, नुकत्याच हरलेल्या शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून वावरताना एकटेपणाही आला. १९५२ मध्ये क्षयरोगाने गाठले. सॅनेटोरियम, मग पॅरिसमधील इस्पितळ. अभ्यास पुरा न करताच फेब्रुवारी १९५३ मध्ये तो मायदेशी परतला. त्याच वर्षाच्या अखेरीस आई वारली.

सूट अंगाला बसेना

आपल्या अवस्थेसाठी एन्दोने एक दाखला दिला आणि तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा: ख्रिस्ती धर्म हा आईने मला घातलेला पाश्चात्त्य सूट आहे. तो माझ्या मापाने शिवलेला नाही. कुठे लांब होतो, कुठे आखूड पडतो. कितीदा वाटले, काढून टाकावा. पण तो काढणे मला जमले नाही. ज्या आईने तो प्रेमाने अंगावर चढविला, तिची आठवण आड आली आणि तो टाकून दुसरे घालायला माझ्याजवळ काही नव्हते. शेवटी ठरविले, हा सूट टाकायचा नाही. माझ्या अंगाला बसेल असा तो नव्याने बेतायचा.

बंधुभगिनींनो, हा दाखला नीट पाहू या. सूट बसत नाही असे वाटले की माणसापुढे साधारणपणे दोन मार्ग दिसतात. एक, काढून फेकणे. दुसरा, अवघडत का होईना तो घालून हिंडणे आणि "छान बसतो हो" असे सर्वांना सांगणे. परदेशातील आपली काही मुले पहिला मार्ग धरतात. जी घरी फोनवर "हो, गेलो होतो" म्हणतात, ती दुसरा धरतात. आणि खरे सांगायचे तर, आवारात उभे असलेले आपणही काही वेळा दुसऱ्याच मार्गावर असतो. एन्दोने तिसरा मार्ग दाखविला. सूट बसत नाही हे मोठ्याने सांगायचे, तरी तो खांद्यावरून उतरवायचा नाही आणि सुईदोरा घेऊन बसायचे. त्याला त्या कामी सारे आयुष्य लागले.

प्रेमळ यजमान आणि मुका विद्यार्थी

१९६५ साली एन्दोने परदेशी शिक्षणावरच एक पुस्तक लिहिले. त्यात तीन कथा आहेत. पहिलीत कुदो नावाचा जपानी विद्यार्थी रूआँ येथे एका भाविक कुटुंबात उन्हाळा घालवितो. घरातील बाईंचा मुलगा वारलेला आहे. त्याला मिशनरी होऊन जपानला जायचे होते. बाई या पाहुण्याला त्याच मुलाच्या नावाने हाक मारू लागतात. सारे जण प्रेमळ, सारे जण भाविक. हा शिकून जाईल आणि जपानमध्ये धर्म पसरवील, अशी सर्वांना खात्री. कुदोच्या मनातले मात्र कुणी विचारीत नाही आणि इतक्या प्रेमापुढे त्याचेही तोंड उघडत नाही. तो मान डोलावीत राहतो.

ही कथा वाचून आम्ही थोडे शरमलो. आपल्या आशा आपण आपल्या मुलांना अशाच घालतो की! "आपल्या घराण्यात दोन सिस्टर आहेत, एक फादर आहेत, तू नाव राखायचं हं." सारे प्रेमानेच बोलतो. पण प्रेमानेही तोंड बंद होते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

त्याच पुस्तकात थॉमस अराकी याची कथा आहे. ही व्यक्ती खरोखर होऊन गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी हा जपानी तरुण रोमला गेला, शिकला, धर्मगुरू झाला आणि जपानला परतला. मायदेशी ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. तो पकडला गेला आणि त्याने श्रद्धा सोडली. परदेशी शिकून आलेला प्रत्येक जण बळकट होऊनच येतो असे नाही. एन्दोला वीरांपेक्षा अशा मोडून पडलेल्यांचे अधिक वाटे. आपण बलवानांपैकी नव्हे, दुबळ्यांपैकी आहोत, असे तो म्हणत असे.

तुडविलेली प्रतिमा

१९६० मध्ये क्षय उलटला. फुप्फुसावर एकामागून एक तीन शस्त्रक्रिया झाल्या. एन्दो मरणाच्या दारातून परत आला. बरे झाल्यावर तो नागासाकीला गेला. तेथे त्याने एक 'फुमिए' पाहिली. फुमिए म्हणजे लाकडी चौकटीत बसविलेली प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची धातूची प्रतिमा. जपानच्या शासकांनी १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. त्यानंतरच्या छळाच्या काळात संशयितांना या प्रतिमेवर पाय द्यायला लावीत. जो पाय देईल तो सुटला, जो न देईल तो मेला. एन्दोने पाहिलेल्या प्रतिमेच्या लाकडावर पायांच्या बोटांचे काळपट ठसे उमटले होते. ते ठसे त्याच्या मनातून जाईनात. ज्यांनी पाय दिला, त्यांना काय वाटले असेल? मी तेथे असतो तर काय केले असते?

त्यातून १९६६ साली त्याची 'मौन' ही कादंबरी आली. २०१६ साली तिच्यावर निघालेला इंग्रजी चित्रपट काहींनी पाहिला असेल. कादंबरीतील तरुण धर्मगुरू छळ सोसणाऱ्या गावकऱ्यांचा जीव वाचविण्यासाठी प्रतिमेवर पाय ठेवतो. कादंबरी निघाली तेव्हा जपानमधील अनेक ख्रिस्ती लोक नाराज झाले, आणि ते समजण्याजोगे होते. ज्यांच्या पूर्वजांनी प्राण दिले, त्यांना हा शेवट कसा रुचावा? श्रद्धा सोडणे ठीक आहे, असा या पुस्तकाचा अर्थ कुणी घेऊ नये. दुबळ्या माणसाला ख्रिस्ताच्या दयेत जागा आहे का, एवढेच ते विचारते.

वसईकरांना तरी नागासाकी परके नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच नगरात सव्वीस जणांना क्रूसावर खिळले. त्यांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होते. त्यांचा सण आपण साजरा करतो. ज्यांचा पाय डगमगला नाही, ते आपले संत आहेत आणि राहतील. पण त्याच नागासाकीच्या आसपास हजारो साध्या लोकांनी भीतीने प्रतिमेवर पाय दिला. ते घरी आले, रडले आणि दाराआड पश्चात्तापाची प्रार्थना म्हणू लागले. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, ग्रंथ नाही. आजीने नातवाला शिकविले, बापाने मुलाला सांगितले. अशा किती पिढ्या गेल्या! १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले. त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पतीज्याँ यांना हलक्या आवाजात सांगितले की आमची श्रद्धा तुमच्यासारखीच आहे, आणि विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षे ही श्रद्धा टिकली होती. ती टिकविणाऱ्यांत, पाय घसरलेले पण घरी परतून प्रार्थनेला बसलेले लोकही होते.

माप बदलते, कापड नाही

आता कुणी विचारील, "श्रद्धा काय शिंप्याचे काम आहे? ज्याला जशी हवी तशी कापून घ्यावी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे.

ज्या ल्यों शहरात एन्दोला सूट परका वाटला, त्या ल्योंचे थोर बिशप संत इरेनियस आशिया मायनरहून आले होते. दुसऱ्या शतकात तेथील लोकांनाही हा धर्म पूर्वेकडून आलेला, परक्या भाषेतला वाटला असणार. जो सूट एन्दोला पाश्चात्त्य वाटला, तो पश्चिमेलाही एके काळी बेतूनच घ्यावा लागला होता. आपल्याकडे पाहा. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि ओवीच्या छंदात 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परदेशी माणसाने मराठी अंगावर हे वस्त्र बेतून दिले आणि आपल्या पूर्वजांनी ते आपले म्हणून पांघरले.

पण बेतताना चूकही होते. संत फ्रान्सिस झेवियर जपानला जाण्यापूर्वी आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ गोव्यात आला होता. तोही परदेशी शिकणारा विद्यार्थीच! १५४८ साली गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि संत पौल महाविद्यालयात तो शिकला. पुढच्या वर्षी तो झेवियर यांच्याबरोबर जपानला गेला. देवासाठी त्याने जपानी शब्द सुचविला 'दाइनिची'. लोक आनंदाने ऐकू लागले. काही काळाने झेवियर यांच्या लक्षात आले की हे तर एका बौद्ध पंथाच्या बुद्धाचे नाव आहे आणि ऐकणारे भलतेच समजत आहेत. त्यांनी तो शब्द सोडला आणि लॅटिनवरून 'देउसु' म्हणू लागले. येथे सूट अंगाला बसला होता, पण कापडच बदलले होते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. माप बदलता येते, शिवण उसवून पुन्हा घालता येते. कापड मात्र आपले नव्हे, ते ख्रिस्ताचे आहे. एन्दोच्या लिखाणालाही हीच कसोटी लावावी. १९७३ साली त्याने येशूचे चरित्र लिहिले. त्यात दटावणाऱ्या बापापेक्षा, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या आईसारखा येशू दिसतो. यातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. १९९३ साली 'खोल नदी' ही कादंबरी आली. तीत ओत्सू नावाचा जपानी तरुण धर्मगुरू होण्यासाठी ल्योंला शिकतो, तेथील वरिष्ठांशी त्याचे पटत नाही आणि शेवटी तो आपल्या भारतात, वाराणसीत, मरणाऱ्या अनाथांना पाठीवर उचलून गंगेकाठी नेऊ लागतो. ओत्सूचे सगळेच विचार ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून घेता येणार नाहीत. पण ज्याचे डोके अजून वाद घालते आहे, त्याच्या पाठीवर मात्र ख्रिस्ताचा क्रूस आहे, हे चित्र विसरता येत नाही. २९ सप्टेंबर १९९६ रोजी एन्दो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे 'मौन' आणि 'खोल नदी' ही दोन पुस्तके त्याच्या शवपेटीत ठेवण्यात आली. अंत्यविधी टोकियोतील संत इग्नेशियस चर्चमध्ये झाला. सूट शेवटपर्यंत अंगावर होता.

रात्रीची झुंज

शंका म्हणजे श्रद्धेचा शेवट, असे धर्मग्रंथ मानीत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब पाहा. घर सोडून परमुलखात निघालेला हा तरुण दगड उशाला घेऊन झोपला. त्या अनोळखी जागीही देव होता, हे त्याला जाग आल्यावर कळले (अध्याय २८). पुढे नदीकाठी एकटा असताना तो रात्रभर कुणाशी तरी झुंजला. आशीर्वाद मिळाल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. पहाटे तो लंगडत निघाला, पण आशीर्वाद घेऊन निघाला (अध्याय ३२). देवाशी झुंजणाऱ्याने देवाला धरलेले असते. ज्याने हात सोडला, त्याला झुंजावे लागत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येतो (अध्याय ९). तो प्रभूला एका दमात सांगतो की माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाला तुम्हीच सावरा. आधी शंका मिटवून ये, असे प्रभू म्हणाला नाही. त्याने मुलाला बरे केले. संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की अनेक वर्षे त्यांच्या अंतरात अंधार होता. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत आणि उठून गरिबांकडे जात.

आपण काय करावे?

आईवडिलांना आमचे एक सांगणे. फोनवर पहिला प्रश्न "मिस्साला गेलास का?" हा नको. त्याला दोनच उत्तरे असतात आणि त्यांतले एक खोटे असू शकते. "तिथलं चर्च कसं आहे रे? लोक बोलतात का तुझ्याशी? तुला काय खटकतं?" असे विचारा. उत्तर ऐकून धक्का बसला तरी लगेच रागावू नका, रडू नका. त्याने खरे सांगितले, ही मोठी गोष्ट आहे. एन्दोला शेवटपर्यंत धरून ठेवले ते आईच्या उलटतपासणीने नव्हे. रक्ताळलेल्या बोटांनी सूर शोधणारी आणि दुःखात प्रार्थना करणारी आई त्याने पाहिली होती. तुमची मुलेही तुम्हाला पाहतच मोठी झाली आहेत.

परदेशी असलेल्या आमच्या मुलामुलींनो, हा अंक घरचे कुणी पाठवील तेव्हा एवढे वाचा. एन्दो भाविकांनी भरलेल्या देशात परका झाला. तुमच्यापैकी अनेक जण रिकाम्या बाकांच्या चर्चमध्ये परके झाला आहात. तेथील मिस्सा थंड वाटते, गाणी ओळखीची नाहीत, वर्गातले मित्र देवाचे नाव निघाले की हसतात. प्रश्न पडले तर घाबरू नका. पण एकट्याने झुंजू नका. एन्दोला जहाजावर एक मित्र भेटला आणि ते बोलणे जन्मभर चालले. तुम्हीही एक तरी माणूस शोधा. अनेक विद्यापीठांत कॅथोलिक विद्यार्थ्यांसाठी धर्मगुरू असतात. नाहीतर आपल्या फादरांना लिहा. आणि निर्णय होईपर्यंत सूट फेकू नका. थकलेल्या, आजारी, एकाकी दिवशी घेतलेला निर्णय क्वचितच शेवटचा असतो.

आणि आपण धर्मग्रामस्थांनी? सुट्टीत मूल घरी आले आणि मिस्साला मागच्या दाराशी उभे राहिले, तर वळून पाहणारे डोळे आवरावेत. जपानमधील त्या गावकऱ्यांचा पाय घसरला, तरी त्यांचे घर त्यांना बंद झाले नाही, म्हणून श्रद्धा टिकली. आपल्या चर्चचे मागचे दारही उघडे राहो.

घरी व छोट्या ख्रिस्ती समूहात बोलण्यासाठी

१. "माझी श्रद्धा आहे" हे मी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा केव्हा म्हटले? तेव्हा काय घडले होते?

२. माझ्या श्रद्धेच्या वस्त्रात मला कोणती जागा घट्ट किंवा सैल वाटते? हे मी कुणाला सांगितले आहे का?

३. माझ्या मुलाने किंवा मुलीने "मला शंका आहे" असे सांगितले, तर माझे पहिले वाक्य काय असेल?

४. आपल्या समूहातील किती जण सध्या परदेशी शिकत आहेत? या महिन्यात त्यांच्याशी कोण बोलणार?

प्रार्थना

प्रभू येशू, घरापासून दूर शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना सांभाळ. त्यांच्या प्रश्नांना तू घाबरत नाहीस. आम्हालाही घाबरू देऊ नकोस. त्यांची झुंज रात्रभर चालली तरी पहाटे त्यांना तुझा आशीर्वाद लाभो, आणि लंगडत आले तरी आमचे दार त्यांना उघडे मिळो. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.